यामाहा टीवाय १७५ : जुन्या गाडीवर ट्रायल्स सुरू करायचंय तर आधी ही बघा

सरळ सांगतो, जुन्या गाडीवर ट्रायल्स शिकायचं असेल तर टीवाय १७५ घ्या. मी लीड्सला राहतो, इथल्या यॉर्कशायरच्या क्लब ट्रायल्सना रविवारी हीच गाडी घेऊन जातो, आणि भारतातून इकडे आलेले ओळखीचे बायकर लोक सारखं विचारतात की सुरुवातीला काय घेऊ, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

ज्यांना ट्रायल्स माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही रेस नव्हे. ओढा, दगड, चिखल, झाडांची मुळं, उभा चढ अशा जागी छोटे छोटे टप्पे आखलेले असतात, त्यांना सेक्शन म्हणतात, त्यातून पाय न टेकता गाडी बाहेर काढायची. एकदा पाय टेकला की १ मार्क, दोनदा टेकला की २, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी ३, आणि गाडी थांबली, पडलात किंवा हद्दीबाहेर गेलात की सरळ ५. सगळ्यात कमी मार्क ज्याचे तो जिंकला. वेगाला काही किंमत नाही (आमच्याकडची स्वेलडेलमधली स्कॉट ट्रायल सोडून, तिथे घड्याळही लावतात, पण ते पक्क्या लोकांचं काम).

आता आपल्या लोकांना पहिला मोह होतो तो बुलेटचा, आणि त्याला कारणही आहे. बुलेटचं घराणंच ट्रायल्सचं. इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्यात स्विंगआर्मवाली बुलेट बनली तेव्हा १९४८ मध्ये ती आधी ट्रायलमध्येच उतरवून बघितली होती, आणि १९५२ मध्ये जॉनी ब्रिटन ३५० बुलेटवर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल (स्कॉटलंडमधली सहा दिवसांची नावाजलेली ट्रायल, पुढे नुसतं स्कॉटिश म्हणतो) जिंकला. २०१९ मध्ये रॉयल एनफील्डने भारतात बुलेट ट्रायल्स म्हणून जे मॉडेल काढलं, वर वळवलेला सायलेन्सर आणि सिंगल सीटवालं, ते ह्याच इतिहासाच्या आठवणीत. मला त्या गाड्यांचा मनापासून आदर आहे, पण शिकायला नका घेऊ. वजन खूप, ओल्या दगडावर पुढचं चाक घसरलं की नवीन माणसाला सावरता येत नाही, आणि पडल्यावर परत परत उचलताना अर्धा दम तिथेच जातो.

ट्रायम्फ टायगर कब (१९९ सीसी) आणि बीएसए बॅन्टम हलक्या आहेत, खूप लोक त्या चालवतात, दिसतातही देखण्या. पण बहुतेक बॅन्टमना तीनच गिअर, त्यामुळे पहिला संपतो आणि दुसरा लागेपर्यंत चढावर इंजिन मरायला येतं, आणि चांगली तयार केलेली कब घ्यायची तर पैसे भरपूर मोजावे लागतात कारण प्री-६५ क्लासला, म्हणजे १९६५ च्या आधीच्या गाड्यांच्या गटाला, मागणी आहे. (स्कॉटलंडमधल्या किनलॉक्लेव्हनची प्री-६५ स्कॉटिश ही वेगळी ट्रायल एकदा तरी जाऊन बघा, साठ-सत्तर वर्षांच्या गाड्या ज्या दगडांवरून जातात ते बघून विश्वास बसत नाही.) स्पेनची बुलतॅको शेर्पा टी म्हणजे तर इतिहासच, सॅमी मिलरने १९६५ मध्ये तिच्यावर स्कॉटिश जिंकली आणि जड फोर-स्ट्रोकचा जमाना तिथून उतरणीला लागला. मात्र बऱ्याच शेर्पांचे गिअर उजव्या पायाला असतात, जुन्या बुलेटसारखे. ज्याला सवय आहे त्याने खुशाल घ्यावी, बाकीच्यांनी आधी तोल शिकावा.

तर टीवाय. सत्तरच्या दशकात यामाहाने मिक अँड्र्यूजला सोबत घेऊन ही टीवायची फॅमिली उभी केली. हा माणूस ओस्सा ह्या स्पॅनिश गाडीवर १९७०, ७१, ७२ अशी लागोपाठ तीन वर्षं स्कॉटिश जिंकलेला, मग यामाहावर ७४ आणि ७५ ला परत जिंकला. मोठी टीवाय २५०, आणि आपली ही धाकटी, १७१ सीसी टू-स्ट्रोक, रीड व्हॉल्व्ह, सहा गिअर, डाव्या पायाला, मागे दोन शॉकअप, दोन्हीकडे ड्रम ब्रेक. ज्याने आरएक्स १०० चं हेड गॅरेजमध्ये उघडलंय त्याला इथे काही नवीन नाही, पिस्टन, रिंगा, पॉइंट, कार्ब, सगळं ओळखीचं, घरी बसून पान्याने उघडता येतं.

चालवायला कशी, तर आरएक्सच्या अगदी उलट. आरएक्स वर ओरडते तेव्हा पळते, ही खाली, जवळजवळ आयडलला, कामाला येते. दुसऱ्या गिअरमध्ये चढाला लावली आणि रेस जेमतेम धरून ठेवली तर बैल मान खाली घालून ओढतो तशी टुकूटुकू वर जाते, चाक फिरवत नाही, पकड सोडत नाही. नवीन माणूस घाबरून रेस जास्त देतो, हायर पॉवरच्या गाडीवर त्याने मागचं चाक फिरतं आणि गाडी आडवी होते, ही मात्र तेवढी चूक पोटात घालते. आणि क्लच हलका, एका बोटाने दाबता येतो, हे ओढ्यात उभ्यानं तोल सांभाळताना किती कामाचं आहे ते पहिल्याच रविवारी कळतं.

मॉडर्न मोनोशॉक गाडी का नाही घ्यायची असंही विचारतात. त्या जबरदस्तच आहेत, पण त्या जागेवर उड्या मारत वळवता येतात आणि शिकाऊ माणूस लगेच ते करायला जातो. जुनी गाडी उड्या मारत नाही, त्यामुळे लाइन, म्हणजे गाडी कुठून न्यायची ती वाट, आधी डोक्यात ठरवावी लागते, वळण लवकर सुरू करावं लागतं, गाडी सतत हलती ठेवावी लागते. माझं ठाम मत आहे की हे एकदा अंगात मुरलं की मग कुठलीही गाडी द्या.

आता उणी बाजू. ड्रम ब्रेक पाण्यातून गेले की काही वेळ नुसते नावाला असतात, ओढ्यातून बाहेर पडल्यावर ब्रेक किंचित दाबून धरत थोडं चालवायचं म्हणजे सुकतात, उतार लगेच असेल तर इंजिनवर उतरायचं. गाडी अंगाने लहान आहे, सहा फुटी माणूस उभा राहिला की हँडल गुडघ्यांच्या फार जवळ येतं, उंच हँडल लावावं लागतं. ओरिजनल फुटरेस्ट पुढे आणि वर आहेत, ते मागे आणि खाली घेतलेच पाहिजेत, ह्या एका कामाने गाडी जितकी सुधारते तितकी कशानेच नाही कारण पुढचं चाक हलकं होतं आणि उभं राहिल्यावर वजन बरोबर मधोमध येतं. मूळचे मागचे शॉकअप आतापर्यंत मेलेलेच असतात, नवीन टाका. पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, आणि मनगटाला दोरीने बांधायचा किल स्विच, म्हणजे पडलात की इंजिन तिथल्या तिथे बंद. इंजिनला आपोआप ऑइल देणारा ऑटोल्यूब पंप बरेच जण काढून टाकतात आणि राजदूत-येझदीसारखं टाकीतच ऑइल मिसळतात, मीही तेच करतो, पंप बंद पडला तर आपल्याला कळत नाही पण मिसळलेलं पेट्रोल डोळ्यांना दिसतं.

टायर खास ट्रायल्सचेच हवेत, पुढे २१ इंची, मागे १८ इंची, आणि हवा फक्त ४ ते ५ पीएसआय. हो, बरोबर वाचलंत. रस्त्याच्या गाडीला आपण २५-३० भरतो, इथे टायर दगडावर चेपून पसरला पाहिजे, पकड तिथूनच येते. एवढ्या कमी हवेत ट्यूब फिरून व्हॉल्व्ह उपटू नये म्हणून रिममध्ये सिक्युरिटी बोल्ट (टायर रिमला घट्ट धरून ठेवणारा) आहे ना ते बघून घ्या.

विकत घेताना काय बघायचं: गरम झाल्यावर भरपूर निळसर धूर आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत असेल तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलंय, इंजिन ते ऑइल पितंय. रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली येत नसेल तर कुठूनतरी हवा ओढतेय, तशीच चालवली तर पिस्टन जाईल. मागचं चाक धरून आडवं हलवा, स्विंगआर्मचे बुश कळतात. फुटरेस्टच्या वेल्डिंगपाशी फ्रेमला चीर आहे का बोटाने चाचपून बघा, टाकीत टॉर्च मारून गंज बघा. चकचकीत पॉलिशला भुलू नका, नवीन रंगाखाली जुनी चीर लपते. स्पेअर मिळतात, पिस्टन-रिंगा-सील-केबल सगळं, आणि ह्याच कारणासाठी मी इतर विंटेज गाड्यांपेक्षा हिला वरचा नंबर देतो.

स्पर्धेत उतरायचं तर गाडी ट्विनशॉक (मागे दोन शॉकअपवाल्या गाड्यांच्या) क्लासमध्ये बसते, प्री-६५ मध्ये नाही. एखाद्या लोकल क्लबची मेंबरशिप घ्या, एसीयूचं (इथल्या मोटरसायकल खेळाची संघटना) रजिस्ट्रेशन करा आणि सगळ्यात सोप्या रूटला नाव द्या. सेक्शनमध्ये शिरण्याआधी तो पायी चालून बघायचा, सगळे बघतात, चॅम्पियनसुद्धा बघतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुढचं चाक कुठे ठेवायचं, कुठला दगड हलतोय, वळणाला मागचं चाक कुठून येईल हे ठरवायचं. मग उभं राहून, गुडघे सैल, गाडी आत झुकवायची आणि आपण बाहेर, वजन बाहेरच्या फुटरेस्टवर, नजर पुढच्या खुणेवर, चाकावर नाही. बुटात पैसे वाचवू नका, ओढ्याचं पाणी आत गेलं की उरलेला दिवस पाय गारठतात आणि गारठलेल्या पायाला फुटरेस्ट कळत नाही.

आणि गाडी घ्यायच्या आधी एखाद्या ट्रायलला ऑब्झर्व्हर, म्हणजे सेक्शनवर मार्क देणारा, म्हणून उभे राहा. क्लबांना ऑब्झर्व्हर कायम कमी पडतात, सेक्रेटरीला नुसतं विचारलं तरी खुशीने घेतात. एका सेक्शनवर दिवसभर उभं राहून मार्क लिहायचे, पन्नासेक लोक एकाच दगडावरून वेगवेगळे जाताना दिसतात, कोण क्लीन, म्हणजे एकदाही पाय न टेकता, जातो आणि का ते कळायला लागतं, शिवाय टीवायवाले भेटले की गाडी जवळून बघू देतात, बऱ्याचदा चालवायलाही देतात. जाताना डबा आणि थर्मास न्या, सेक्शन रानात असतात, तिथे काही मिळत नाही.