हेम्पचा रॅक की गांजाचं लायसन्स? अमेरिकेत दुकान घेणाऱ्यांसाठी

अमेरिकेत लिकर स्टोअर, गॅस स्टेशन किंवा स्मोक शॉप विकत घ्यायला निघालात की हल्ली विकणारा हमखास एका कोपऱ्याकडे बोट दाखवतो. "खरी कमाई त्या रॅकवर आहे." रॅकवर हेम्पच्या गमी (चघळायच्या गोळ्या) असतात, टीएचसीचे, म्हणजे भांगेतल्या नशा आणणाऱ्या द्रव्याचे, थंडगार कॅन असतात, काही राज्यांत बरणीत भरलेलं फूलही असतं. दुसरीकडे एखादा मित्र सुचवतो, हे किरकोळ कशाला, भागीदारीत राज्याचं लायसन्स काढू आणि डिस्पेन्सरीच, म्हणजे गांजाचं परवानाधारक दुकानच, टाकू. गिऱ्हाईक बहुतेक तेच, नशाही तीच. कायदे मात्र दोन, आणि या दोनांतून निवड करताना मार्जिनचा हिशोब शेवटी करावा असं माझं स्पष्ट मत आहे. आधी घरातले पासपोर्ट बघा, मग राज्य बघा.

झाड एक, कायदे दोन

डिसेंबर 2018 च्या केंद्रीय शेती कायद्याने भांगेच्या झाडाची दोन खाती पाडली. कोरड्या वजनात डेल्टा-9 टीएचसी (टीएचसीचा मुख्य प्रकार) 0.3 टक्के किंवा त्याहून कमी असेल तर हेम्प, म्हणजे शेतमाल. त्याच्या वर गेलं की गांजा, म्हणजे केंद्राच्या लेखी अमली पदार्थ. हेतू दोरखंड, कापड, बियांचं तेल असा होता. पण टक्केवारी वजनावर ठेवली आणि इथेच व्यापाऱ्यांना वाट सापडली.

बारा औंसांचा एक कॅन घ्या. आत साधारण 355 ग्रॅम पेय. त्याचे 0.3 टक्के म्हणजे एक ग्रॅमच्या वर, हजाराहून जास्त मिलिग्रॅम! प्रत्यक्षात कॅनमध्ये 5 किंवा 10 मिलिग्रॅम असतं आणि नवख्या माणसाला तेवढंही पुरेसं चढतं. म्हणजे हेम्पची मर्यादा पाळूनही नशेचं पेय आरामात विकता येतं. फुलाचं गणित वेगळं. कच्च्या फुलात टीएचसीए असतं, काडी लावली की त्याचं टीएचसी होतं. कायद्यात मोजायचं फक्त डेल्टा-9, म्हणून "हेम्प फ्लॉवर" या नावाखाली सरळसरळ गांजाच विकला गेला.

ही वाट आता बुजवली आहे. सरकारी कामकाज ठप्प झालं होतं ते सुरू करण्यासाठी 12 नोव्हेंबर 2025 रोजी जो खर्चाचा कायदा झाला, त्यातच हेम्पची व्याख्या बदलली. आता टीएचसीएसकट एकूण टीएचसी मोजायचं, प्रयोगशाळेत रूपांतर करून बनवलेली डेल्टा-8 सारखी द्रव्यं बाद, आणि तयार मालाच्या एका डब्यात फार तर 0.4 मिलिग्रॅम. मुदत एक वर्षाची. काँग्रेसने ती वाढवली नाही तर 12 नोव्हेंबर 2026 पासून 5 मिलिग्रॅमचा तोच कॅन मर्यादेच्या साडेबारा पट भरेल आणि केंद्राच्या खात्यात गांजा म्हणून जमा होईल. तुमच्या राज्याने त्याला परवाना दिलेला असला तरीसुद्धा.

राज्याराज्यांतला फरक

दोन्ही दारं उघडी असलेलं राज्य पाहायचं तर मिनेसोटा. हेम्पच्या खाद्यपेयांना तिथे 1 जुलै 2022 पासून परवानगी मिळाली: एका मात्रेत 5 मिलिग्रॅम, गमीच्या पाकिटात एकूण 50, ग्राहक 21 वर्षांचा. पुढे कॅनची हद्द 10 मिलिग्रॅमवर ठरली. गमी काउंटरच्या मागे किंवा कुलपात ठेवाव्या लागतात, कॅनला मात्र ती सक्ती नाही. म्हणून लिकर स्टोअरच्या फ्रीजमध्ये ते बिअरच्या शेजारी बसतात. ऑक्टोबर 2025 मध्ये टार्गेटने तिथल्या काही दुकानांत असे कॅन विकून पाहिले, यावरून बाजार किती रुळला ते कळतं. किरकोळ हेम्प विक्रीसाठी अर्जाचे 250 आणि लायसन्सचे 250 डॉलर. डिस्पेन्सरीसाठी हेच आकडे अडीच-अडीच हजार, नूतनीकरणाला पाच हजार. ही फी फार वाटत नाही, पण खरा अडसर जागेचा आहे. गावाला दर 12,500 रहिवाशांमागे एक दुकान एवढ्यावर मर्यादा घालता येते. तुमच्या गावचा कोटा भरला असेल तर खिशात पैसे असूनही उपयोग नाही. शिवाय 1 जुलै 2025 पासून दोन्ही प्रकारच्या मालावर 15 टक्के खास कर आहे, नेहमीचा विक्रीकर वेगळा.

टेक्सासमध्ये डिस्पेन्सरीचा विचारच सोडून द्या. प्रौढांसाठी परवानाधारक विक्री तिथे नाही. आहे तो फक्त वैद्यकीय कार्यक्रम, आणि 2025 च्या विस्तारानंतरही साऱ्या राज्यात त्याची पंधराच लायसन्सं. उरतो हेम्प, आणि तिथे दोन वर्षांत एवढी ओढाताण झाली की दुकानदारांची झोप उडाली. विधिमंडळाने सरसकट बंदी मंजूर केली, जून 2025 मध्ये गव्हर्नर ॲबट यांनी ती नाकारली, मग दोन विशेष अधिवेशनं निष्फळ गेली. शेवटी सप्टेंबरमध्ये आदेश निघाला: 21 वर्षांखाली विक्री नको, ओळखपत्र तपासा. त्याच महिन्यापासून टीएचसीचे व्हेप विकणं गुन्हा ठरलं, एक वर्षापर्यंत कैद आणि 4,000 डॉलरपर्यंत दंड. जुना स्टॉक मागच्या खोलीत पडून असेल तर दुकान ताब्यात घेण्याआधी तो काढायला लावा.

कॅलिफोर्नियात उलटा कारभार. सप्टेंबर 2024 पासून हेम्पच्या खाद्यपेयांत टीएचसी सापडताच कामा नये. लिकर स्टोअरमध्ये असा कॅन दिसला तर मद्य खात्याचे लोकच येऊन उचलतात. तिथे टीएचसी विकायचं तर लायसन्सच हवं, तेही राज्याचं आणि स्थानिक अशी दोन, आणि अनेक शहरं किरकोळ विक्रीला परवानगीच देत नाहीत.

कर

डिस्पेन्सरीचे आकडे दाखवणारे मित्र एक कलम सांगायला विसरतात: केंद्रीय आयकराचं 280ई. केंद्राच्या नियंत्रित पदार्थांच्या याद्यांपैकी पहिल्या दोनांतल्या मालाच्या धंद्याला खरेदीखर्च सोडून बाकी कुठलीच वजावट मिळत नाही. समजा विक्री 10 लाख डॉलर, माल 6 लाखांचा, भाडं-पगार-वीज 3 लाख. हातात एक लाख. कर मात्र चार लाखांवर. कंपनीचा 21 टक्के दर धरला तर 84,000. हेम्पवर याच हिशोबाने 21,000. डिसेंबर 2025 मध्ये ट्रम्प यांनी गांजा तिसऱ्या यादीत नेण्याची प्रक्रिया लवकर उरकण्याचा आदेश दिला. ज्या धंद्याचा माल तिसऱ्या यादीत जाईल त्याच्यावरचा हा बोजा उतरेल. पण तिसरी यादी हीसुद्धा नियंत्रित पदार्थांचीच, हे पुढच्या मुद्द्यासाठी ध्यानात ठेवा.

घरात कोणाकडे कुठला पासपोर्ट

नागरिकत्व आणि व्हिसा हा केंद्राचा विषय. राज्याच्या लायसन्सला तिथे किंमत नाही. एप्रिल 2019 मध्ये इमिग्रेशन खात्याने लेखी स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असला तरी गांजाच्या उद्योगात काम केल्याने नागरिकत्वासाठी लागणारं "सद्वर्तन" बाधित होऊ शकतं. मालक असो की गल्ल्यावर बसणारा नोकर. नागरिकत्वाच्या अर्जात अमली पदार्थांच्या विक्रीबद्दल थेट प्रश्न आहे आणि उत्तर शपथेवर द्यायचं असतं. त्याहून जाचक म्हणजे इमिग्रेशन कायद्यातल्या अमली पदार्थ तस्करीच्या कलमात जाणूनबुजून मदत करणाराही येतो, आणि धंदा करणारा स्वतः अमेरिकन नागरिक नसेल तर त्या पैशाचा गेल्या पाच वर्षांत, ठाऊक असताना किंवा ठाऊक असायला हवं असताना, लाभ घेतलेला परदेशी जोडीदार आणि मुलंही. नवऱ्याकडे नागरिकत्व, बायकोकडे ग्रीन कार्ड, डिस्पेन्सरी नवऱ्याच्या नावावर आणि बायको गल्ल्यावर: आपल्यात अगदी सर्रास दिसणारी ही मांडणी मला सगळ्यात धोक्याची वाटते. एच-1बीवर असून "मी फक्त पैसे घातलेत" म्हणणाऱ्यांनी इमिग्रेशन वकिलाची फी भरल्याशिवाय कुठेही सही करू नये. राज्याचं लायसन्स काढून देणारा वकील वेगळा, त्याला हे ठाऊक असेलच असं नाही.

हेम्प आतापर्यंत या भानगडीच्या बाहेर होतं, आणि त्याचं खरं आकर्षण तेच होतं. मुदत वाढली नाही तर 12 नोव्हेंबर 2026 ला ते संपतं.

जाता जाता: हेच गमीचं पाकीट बॅगेत टाकून मुंबईला उतरू नका. तिथे एनडीपीएस, म्हणजे भारताचा अमली पदार्थविरोधी, कायदा आहे आणि मिनेसोटाचं लेबल कस्टमवाल्याला दाखवून काही होत नाही.

मी असतो तर

घरात सगळे अमेरिकन नागरिक, राज्य मिनेसोटासारखं, गावचा कोटा शिल्लक आणि दीडेक वर्ष भाडं भरत थांबायची ताकद असेल तर लायसन्स. हेम्पचे कॅन तोवर ठेवायला हरकत नाही, पण ऑर्डर छोटी, आणि न खपलेला माल मुदतीआधी परत घेण्याची अट वितरकाकडून लेखी घेऊन. घरात एकही ग्रीन कार्ड किंवा व्हिसा असेल तर डिस्पेन्सरीचं नावच नको, आणि मुदत वाढली नाही तर ऑक्टोबरअखेर रॅक रिकामा. टेक्सासमधलं स्मोक शॉप घेताना विक्रेत्याकडून गेल्या बारा महिन्यांची विक्री मालाच्या प्रकारानुसार मागा. फुलाचा आणि नव्या व्याख्येत न बसणाऱ्या इतर मालाचा वाटा वजा करून उरलेल्या गल्ल्यावर भाडं निघत असेल तरच बोली लावा, आणि बोलीही त्या उरलेल्या गल्ल्यावरच लावा.