गुरांचा किड्यांचा स्प्रे कोंबडीला: ५ पैकी २

इंदूरला पाऊस लागला की गुरांच्या औषधांच्या दुकानांत जखमेतल्या अळ्या मारणारी एक बाटली हातोहात खपते. 'भिया, कीड़े वाला स्प्रे' एवढं म्हटलं की पुढचं विचारायला नको. कोंबडीला चालेल का, तर 'सबको चलता है'. सुदामानगर, लोकमान्यनगरकडे ज्यांच्या मागच्या अंगणात चार-सहा कोंबड्या आहेत, त्यांच्या फळीवर हा स्प्रे असतोच. अळ्या मारण्यात तो कमी पडत नाही. पण कोंबडीच्या जखमेत अळ्या पडल्या की मारण्याआधी त्या बाहेर काढाव्या लागतात, आणि हे काम स्प्रे करत नाही. म्हणून ५ पैकी २.

बाजारात तीन तऱ्हा मिळतात. पहिली, देवदार किंवा चिडासारख्या झाडांच्या उग्र तेलांची. तिच्या वासाने वरवरच्या अळ्या तडफडत बाहेर येतात. जखमेच्या खोल बोगद्यातल्या जागीच मरतात, तिथेच सडतात आणि दोन दिवसांनी जखम पुन्हा घाण मारू लागते. दुसरी चंदेरी, जखमेवर पापुद्रा धरणारी. आत एक जरी अळी राहिली तरी वरून झाकण बसतं, त्यामुळे ही सगळ्यात धोक्याची. तिसरी जांभळी. तिचा एक गुण मान्य करायला हवा: कोंबड्या लाल दिसेल तिथे टोचतात, जांभळ्या रंगाखाली जखम लपते. मात्र तो रंग आपल्यापासूनही जखम लपवतो. कडकनाथ असेल तर विचारूच नका. कातडी मुळात काळी, लाली आणि सूज आधीच दिसत नाही, वर जांभळं फासलं की फक्त वासावर भिस्त.

शिवाय बहुतेक डब्यांवर गाय, म्हैस, कुत्रा असतात, कोंबडी नसते. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, त्यामुळे वाफारा त्याला आपल्यापेक्षा फार लवकर बाधतो. खुराड्यात किंवा न्हाणीघरात दार लावून फवारणं ही हमखास होणारी चूक. 'फुस्स' आवाजाने आधीच मलूल झालेली कोंबडी बिथरते ते वेगळंच. वापरायचाच तर सगळं साफ झाल्यावर, उघड्यावर, गॉजच्या तुकड्यावर मारून तो जखमेच्या कडेने फिरवावा. जखमेत नाही, डोक्याजवळ नाही. माश्या दूर ठेवण्यापुरता तो कामाचा आहे.

खरी शाबासकी ५०० मिलिलिटरच्या सलाइनच्या बाटलीला आणि २० मिलिलिटरच्या सिरिंजला. दवा बाजारात किंवा कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे दोन्ही मिळतात. सोबत गुलाबी टोपणाचा २० नंबरचा इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत सलाइन लावायची नळीवाली सुई, घ्या. त्यातली पोलादी सुई काढून टाकली की मऊ प्लास्टिकची नळी उरते. ती सिरिंजला लावली की कातडीखालच्या भोकापर्यंत धार पोचते आणि टोचत नाही. बाटली आधी दहा मिनिटं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी. कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं, गार धारेने ती काकडते. धार तिरपी द्या आणि भोकाचं तोंड मोकळं ठेवा. नळी घट्ट बसली तर पाणी परत येत नाही, कातडीखाली साचतं. मोठ्या जखमेला २०० ते ३०० मिलिलिटर सहज लागतं. गढूळ पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबू नये. सलाइन नसेल तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे दीड सपाट चमचे.

पण सिरिंजच्या आधी टब. बुडाची पिसं शिटेने लडबडलेली असतात, तिथे थेट धार मारून उपयोग नाही. कोपराला कोमट लागेल अशा पाण्यात कोंबडीला छातीखाली हात देऊन दहा मिनिटं बसवा, डोकं वर. अळीची श्वासाची भोकं मागच्या टोकाला असतात. तोंड मांसात खुपसून शेपूट हवेकडे ठेवते ती याचसाठी. जखमेत पाणी भरलं की गुदमरून ती मागे सरकते, आणि चिमट्याला तेव्हाच सापडते. मग जखमेभोवती दोन बोटं रुंदीची पिसं कात्रीने कापा, उपटू नका. नव्या पिसाच्या जाड नळीत रक्त असतं, ती कापू नये.

चिमटा बोथट टोकाचा हवा. भुवया कोरायचा टोकदार चिमटा अळी फोडतो, आणि फुटलेल्या अळीचा रस जखमेत गेला की कोंबडीचं अंग त्याने बिघडू शकतं. अळीच्या तोंडाला आकडे असतात, म्हणून झटका न देता सरळ, हळू ओढा. सगळ्या निघाल्या असं वाटलं की कोंबडीला टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं अंधारात ठेवा आणि पुन्हा बघा. बहुतेक वेळा चार-पाच वर आलेल्या दिसतात. ही दुसरी फेरी गाळली जाते आणि तिथेच घात होतो.

या यादीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी कौतुक झालेली वस्तू म्हणजे उवांची फणी. माशीची अंडी रव्याच्या लांबट कणांसारखी, पिसांच्या मुळाशी पुंजक्याने चिकटलेली असतात. पावसाळ्यातल्या उकाड्यात ती ८ ते २४ तासांत फुटतात. धुण्याने ती जात नाहीत. फणीने निघतात, नाहीतर पीसच कापावं लागतं. कडकनाथचा इथे उलट फायदा, काळ्या कातडीवर पांढरी अंडी टॉर्चच्या उजेडात लखलखीत दिसतात. फणीला ५ पैकी ४. एक गुण कापला तो दात गच्च भरतात म्हणून.

नंतर पोविडोन आयोडीन, पण बाटलीतून थेट नाही. ५ टक्क्यांचं असेल तर अर्धा लिटर सलाइनमध्ये १० मिलिलिटर, रंग फिक्या कोऱ्या चहासारखा. जास्त दाट केल्याने जास्त जंतू मरत नाहीत, नवं मांस मात्र जळतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला बरा वाटतो, पण रोज वापरला तर जखम भरतच नाही. टर्पेंटाइन, फिनेल, कुटलेली डांबरगोळी हे बैलाच्या खुराला कुणी लावत असेल, दीड किलोच्या पक्ष्याला नको. सीताफळाच्या बियांची पूड अळ्या मारते हे खरं, पण ती डोळ्यात गेली की बुबुळाला इजा होते, कोंबडीच्याही आणि तुमच्याही. शेवटी हेअर ड्रायरच्या मंद झोताने कोरडं करून सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाचा पातळ थर. नावाच्या शेवटी 'केन' असलेलं बधिर करणारं मलम टाळा, पक्ष्याला त्याचा डोस सहज जास्त होतो.

आयव्हरमेक्टिन या जंत-किडे मारणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारूनच, कारण गोंधळ मापात होतो. गुरांचं इंजेक्शन १ टक्क्याचं, म्हणजे मिलिलिटरला १० मिलिग्रॅम. पक्ष्याला साधारण किलोला ०.२ मिलिग्रॅम सांगतात. सव्वा किलोच्या कोंबडीला हे होतं ०.०२५ मिलिलिटर, ४० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवरची फक्त एक रेघ. 'अर्धा सीसी' हा ऐकीव डोस त्याच्या वीसपट आहे. औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत, तेही त्याच वेळी विचारून घ्या. दुखण्यासाठी घरातली डायक्लोफेनॅक मुळीच नको. ती दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरत होती, म्हणून जनावरांसाठी तिच्यावर २००६ साली बंदी आली, कोंबडीच्याही मूत्रपिंडावर ती उठते. मेलॉक्सिकॅम चालतं, मात्र तेही डॉक्टर ठरवतील तेवढंच.

पाण्यात ओआरएस, पाकिटावर लिहिलेल्या मापाने. चोचीत ओतू नये, श्वासनळीत जातं. चोचीच्या कडेला थेंब लावला की ती स्वतः गिळते. खायला भिजवलेलं दाणं आणि कुस्करलेलं उकडलेलं अंडं.

ठेवायला घरात क्रेट. खाली पेंढा नको, जुनी चादर किंवा वर्तमानपत्र, दिवसातून दोनदा बदललेलं. वरून बाळाची घडीची मच्छरदाणी. तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ तीच तपासणी, कारण निसटलेलं एक पुंजकं दुसऱ्या दिवशी पुन्हा अळ्या देतं.

भोक गुदद्वाराच्या आत जात असेल, पोटाच्या पोकळीपर्यंत गेलं असेल किंवा कोंबडी पायावर उभीच राहत नसेल, तर घरी खटपट करू नका. सरकारी पशुचिकित्सालय किंवा महूचं पशुवैद्यक महाविद्यालय गाठा. तिला शांतपणे जाऊ देणं हेच बरं असं डॉक्टर म्हणाले, तर तेही ऐकावं.

जखम भरत आली की बुड का घाण झालं होतं किंवा जखम कशाने झाली ते शोधा: हगवण, जंत, बाहेर आलेलं अंडनलिकेचं तोंड, कोंबड्याच्या नखांनी सोललेली पाठ, की म्हातारपणामुळे चोच मागे पोचत नाही. उघडलेली सलाइनची बाटली २४ तासांनी ओतून द्या, उद्याच्या धुण्याला नवी फोडा.