भूक मोजणारी १०० मिलिमीटरची रेघ: कागदी प्रश्नावलीचं परीक्षण

कागदावर १०० मिलिमीटरची आडवी रेघ. डाव्या टोकाला ‘अजिबात भूक नाही’, उजव्या टोकाला ‘इतकी भूक आजवर कधीच लागली नव्हती’. या क्षणी जितकी भूक आहे तिथे उभी खूण करायची आणि डावीकडून पट्टीने मोजायचं. व्हिज्युअल ॲनालॉग स्केल म्हणतात ते हेच. संशोधक फ्लिंट आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये ५५ निरोगी पुरुषांवर तपासलेली अशाच रेघांची प्रश्नावली २००० साली प्रसिद्ध झाली. पोषणशास्त्राच्या अभ्यासांत ती आजही सर्रास दिसते. दोन न्याहाऱ्यांपैकी कोणती जास्त वेळ टिकते हे पाहायचं असेल, तर इतकं स्वस्त आणि भरवशाचं साधन दुसरं नाही.

घोटाळ्याची सुरुवात प्रिंटरपासून होते. छापताना ‘फिट टू पेज’ राहिलं की रेघ ९६-९७ मिलिमीटरवर येते, आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढली की आणखी फरक पडतो. म्हणून ‘ॲक्च्युअल साइज’ निवडा आणि प्रत्येक गठ्ठ्यातला एक कागद पट्टी लावून बघा. रेघ ९७ भरली आणि खूण ५८ वर असेल, तर ५८ भागिले ९७ गुणिले १००, म्हणजे ५९.८ धरा. काही जण खुणेऐवजी गोल काढतात. तो मोजायचा कुठून? त्यामुळे सुरुवातीला एक सरावाचा कागद द्यावाच.

मराठीत खरी अडचण शब्दांची आहे. मूळ प्रश्नावलीत समाधान आणि पोट भरल्याची जाणीव हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घाईत केलेल्या भाषांतरात दोन्हीकडे ‘पोट भरलंय का’ असंच येतं. ‘तृप्त’ लिहिलं तर चवीचा आनंद त्यात मिसळतो. पोट भरलं पण मन भरलं नाही, हे आपण रोज बोलतो. तोच फरक इथे हवा आहे. त्यामुळे समाधानाच्या प्रश्नात टोकाची वाक्यं ठसठशीत ठेवा: एकीकडे ‘पोट अगदी रिकामं आहे’, दुसरीकडे ‘आता एक घासही जाणार नाही’. गोड, खारट, चमचमीत, तेलकट खावंसं वाटतंय का, या प्रश्नांत ‘हो, खूप’ डावीकडे असतं. ही उलटी दिशा आकडे भरताना विसरली, तर निष्कर्षच उलटा होतो.

चाचणीच्या आदल्या रात्रीपासून १०-१२ तास पोट रिकामं, न्याहारी ठरलेल्या वेळेत संपवायची, पाणी मोजून. मधला चहा बंद. तो निसटला की त्या दिवसाचे आकडे वाया. उपासाचा दिवस आणि त्याचा दुसरा दिवस टाळा. खाण्याआधी, खाल्ल्याबरोबर आणि मग दर अर्ध्या तासाने, तीन ते साडेचार तास, दर वेळी कोरा कागद द्या आणि भरलेला लगेच काढून घ्या. आधीची खूण दिसली की माणूस तिच्याशी जुळवून घेतो.

मग वेळेनुसार भुकेचे आकडे जोडून जो वक्र तयार होतो, त्याच्याखालचं क्षेत्रफळ काढायचं. खाण्याआधी भूक ७२, अर्ध्या तासाने १८ असेल तर सरासरी ४५ गुणिले ३० मिनिटं, म्हणजे १३५०. असे सगळे तुकडे मिळवायचे. माझे ६० आणि तुमचे ६० सारखे नसतात, म्हणून प्रत्येकाला दोन्ही न्याहाऱ्या वेगवेगळ्या दिवशी द्यायच्या आणि क्रम चिठ्ठी टाकून ठरवायचा. फ्लिंट यांच्या हिशेबाने अशा मांडणीत उपाशीपोटीच्या आकड्यातला १० मिलिमीटरचा आणि सरासरीतला ५ मिलिमीटरचा फरक पकडायला १८ माणसं पुरतात. पाच मैत्रिणींवर केलेल्या प्रयोगातून फार काही हाती लागत नाही.

‘बटाटा सर्वांत पोटभरीचा’ असं सांगणारी पदार्थांची प्रसिद्ध यादीही अशाच स्वतः दिलेल्या गुणांवर उभी आहे. सिडनीत १९९५ साली ३८ पदार्थ, प्रत्येकी २४० कॅलरी, फक्त दोन तास. पोटभरीच्या गुणांत पांढरा ब्रेड १०० धरून उकडलेला बटाटा ३२३, क्रोसाँ ४७. पण २४० कॅलरीचे बटाटे पाव किलोहून जास्त भरतात, आणि चार तासांनी काय होतं हे त्या यादीत नाही.

फोनवरचं ॲप सोयीचं आहे, खुणेची वेळही आपोआप नोंदवतं. मात्र सरकपट्टीचा ठिपका आधीच मध्यावर असेल तर ते ॲप घेऊ नका. बोट लागेपर्यंत रेघ कोरी हवी. आणि एकाच अभ्यासात अर्धे कागद, अर्धे फोन असं कधीही करू नका.