द्रव नायट्रोजन की सक्रिय कोळसा?

औषधनिर्मितीच्या कारखान्यांत डायक्लोरोमिथेन हा द्रावक सर्रास वापरला जातो. तो अवघ्या ४० अंश सेल्सिअसला उकळत असल्याने थंड पाण्याच्या साध्या कंडेन्सरमधून (वाफ थंड करून तिचा द्रव करणाऱ्या उपकरणातून) त्याची बरीच वाफ निसटते. ती पकडायची कशाने, द्रव नायट्रोजनने की सक्रिय कोळशाने, हा इथला प्रश्न आहे. उणे १९६ अंशांना उकळणाऱ्या द्रव नायट्रोजनच्या साह्याने ही वाफ वाहून नेणारा वायुप्रवाह उणे ७० ते ८० अंशांपर्यंत थंड केला, तर बहुतांश द्रावक द्रवरूपात परत हाती येतो आणि वायुरूप झालेला स्वच्छ नायट्रोजन टाक्यांमध्ये हवा शिरू नये यासाठी द्रवावरचे आवरण म्हणून पुन्हा वापरता येतो. मात्र प्रवाहातील ओलावा नळ्यांवर गोठून मार्ग तुंबवतो, म्हणून दोन कंडेन्सर आळीपाळीने चालवावे लागतात. शिवाय तापमान उणे ९७ च्या खाली गेले तर द्रावकही गोठतो, आणि वायू एकदम थंड केल्यास सूक्ष्म थेंबांचे धुके त्याच्याबरोबर निघून जाते.

वाफ आपल्या सूक्ष्म छिद्रांत धरून ठेवणारा सक्रिय कोळसा मोठ्या, विरळ प्रवाहाला अधिक परवडतो. पण धरलेला द्रावक पाण्याच्या वाफेने काढून त्याचे पुनरुज्जीवन करताना दूषित पाणी उरते, आणि मिथाइल एथिल कीटोनसारखे द्रावक असतील तर कोळशाचा थर आतून तापून पेटण्याचा धोका असतो. प्रवाह लहान, दाट आणि खंडित असेल, आणि आवरणासाठी नायट्रोजन आधीच विकत घेतला जात असेल, तिथे माझा कौल निःसंशय द्रव नायट्रोजनला आहे.