कॅनन ५५-२५० एसटीएम: राणीची बाग आणि दक्षिण मुंबईतल्या वापरानंतर

प्राणी आणि जुन्या इमारती एकाच फेरीत टिपायच्या असतील, तर कॅननची ईएफ-एस ५५-२५० मिमी एफ/४-५.६ आयएस एसटीएम पैसा वसूल लेन्स आहे. वजन ३७५ ग्रॅम, त्यामुळे दिवसभर गळ्यात असली तरी मान अवघडत नाही. फक्त तिच्याकडून अख्खी इमारत मागू नका. क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) तिचे ५५ म्हणजे फुल-फ्रेमच्या सुमारे ८८ मिमीइतकं अरुंद दृश्य. २६ मीटर उंचीचा गेटवे उभ्या फ्रेममध्ये बसवायला साठ-सत्तर मीटर मागे यावं लागतं, आणि मधे नुसती डोकीच डोकी. रुंद दृश्यासाठी १८-५५ मिमी लेन्स जवळ असू द्या.

खरी मजा राणीच्या बागेत (बुधवारी बंद असते). जाळी गायब करायची तर झूम २५०, अ‍ॅपर्चर एफ/५.६, कुंपण जितकं जवळ जाऊ देईल तितकं जवळ, आणि प्राणी जाळीपासून चार-पाच मीटर तरी मागे. २५० ला एफ/५.६ म्हणजे सुमारे ४५ मिमी व्यासाचं छिद्र. बारीक तार त्याचा थोडाच भाग अडवते, म्हणून फोटोत विरून जाते. झूम ५५ वर आणलात की हेच छिद्र एफ/४ ला १४ मिमीचं होतं आणि तारा पट्ट्यांसारख्या उमटतात. जाळीवर ऊन असेल तर तार दिसली नाही तरी सगळ्या फोटोवर पांढुरकी झाक येते. तेवढ्या तुकड्यावर हाताची सावली धरा, नाहीतर सावलीतली बाजू शोधा. फोकसला एकच मधला पॉइंट ठेवा. सगळे पॉइंट चालू असले की कॅमेरा सर्वांत जवळचं धरतो, म्हणजे जाळीच.

दालनांच्या काचेशी झगडा वेगळा. हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारं कडं) काचेला सपाट टेकवा. तिरकं धरलं की प्रतिबिंबही येतं आणि धारही जाते. रबरी हूड उत्तम. पेंग्विनकडे उजेड इतका कमी की पोलरायझरचा (प्रतिबिंब कापणाऱ्या फिल्टरचा) विचारही नको, तो दीड-दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). आयएसओ ३२००, शटर १/२५० सेकंद, फ्लॅश बंद, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). निळसर झाक नंतर काढता येते. तिथल्या गारव्यातून बाहेरच्या दमट हवेत आलात की पुढची काच धुरकटते. बाहेर पडण्याआधीच कॅमेरा बॅगेत बंद करा आणि पंधरा-वीस मिनिटं उघडू नका. पुसत बसून उपयोग नाही, पुन्हा धुरकटते.

आयएस (इमेज स्टॅबिलायझर) साडेतीन स्टॉपचं, पण ते हाताचा कंप सावरतं, प्राण्याची हालचाल नाही. सीएसएमटीच्या फाटकाच्या खांबावरचा दगडी वाघ २५० ला हातात धरून १/४० वरही रेखीव येतो; चालत्या खऱ्या वाघाला १/५०० हवंच. या स्थानकावर ही लेन्स खुलते. दुपारनंतर दर्शनी बाजूवर ऊन येतं. तेव्हा महापालिकेच्या बाजूने घुमटावरची मशालधारी मूर्ती आणि भिंतीतून डोकावणारे दगडी प्राणी टिपा. ८५ मीटरचा राजाबाई टॉवर पूर्ण हवा असेल तर ओव्हलच्या पश्चिम कडेला जा.

आता खटकणाऱ्या गोष्टी. माउंट (कॅमेऱ्याला जोडणारं कडं) प्लास्टिकचा. ईटी-६३ हूड वेगळा घ्यावा लागतो, आणि हूडशिवाय ही लेन्स वापरण्यात अर्थ नाही. फोकस रिंग विजेवर चालते, कॅमेरा झोपला की ती फिरवून काही होत नाही. धूळ-पाणी रोखणारं सीलिंग नाही, आणि झूम करताना नळी पुढे येते तेव्हा हवा आत ओढली जाते. पावसाळ्यात बुरशीचं निमंत्रणच. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि चाळीस-पन्नास टक्के आर्द्रता हवी. जेलचा रंग बदलला की गरम करून कोरडी करा.

कॅननच्या आर मालिकेचा (मिररलेस) कॅमेरा असेल तर ही लेन्स ईएफ-ईओएस आर अ‍ॅडॉप्टरवर छान चालते. त्या मालिकेच्या नव्या आरएफ-एस ५५-२१० लेन्सचं अ‍ॅपर्चर लांबच्या टोकाला एफ/७.१ आहे, त्यामुळे जाळी आणि अंधाऱ्या दालनांसाठी जुनीच बरी. वापरलेली घेताना मोबाइलची बत्ती मागून आत मारून बुरशीचे धागे आहेत का ते आधी बघा.