एकाच मुठीचा सेट नको: डिसमिस आणि नट ड्रायव्हर यांची तुलना

हत्यारांच्या दुकानात हल्ली एक सेट फार खपतो. सहा डिसमिस, पाच-सात नट ड्रायव्हर (डिसमिससारखीच मूठ, पण टोकाला नट धरणारं पोकळ तोंड), सगळ्यांच्या मुठी एकाच घाटाच्या आणि एकाच रंगाच्या. पेटीत रांगेत छान दिसतात. तुम्ही असा सेट घ्यायच्या विचारात असाल तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या: या दोन हत्यारांत हाताला दोन वेगळी कामं करावी लागतात. त्यामुळे मूठ सारखी असण्यात सोय आहे ती बनवणाऱ्याची. वापरणाऱ्याने दोन्ही वेगवेगळी निवडावीत, असं माझं ठाम मत आहे.

डिसमिस फिरवायचा असतो आणि दाबायचाही असतो. फुलीच्या स्क्रूची खाच आत निमुळती होत जाते, तिच्या भिंती तिरप्या असतात. जोर वाढला की टोक आपोआप वर सरकतं आणि बाहेर उसळतं. ते उसळू नये म्हणून तळव्याने मागून रेटावं लागतं. स्क्रू गंजलेला असेल तर फिरवण्यापेक्षा रेटण्यातच जास्त ताकद जाते. नट ड्रायव्हरचं तसं नाही. तो षटकोनी डोक्याला बाहेरून धरतो, सहाही बाजूंनी. एकदा नीट बसला की दाबण्याची गरजच नाही, फक्त फिरवायचं. मुठीचा मागचा भाग कसा हवा, जाडी किती हवी, सळई भरीव हवी की पोकळ, हे सगळं या एका फरकावरून ठरतं.

डिसमिसची मूठ: जाडी आणि पाठ

आपल्याकडे साधारण मिळणाऱ्या डिसमिसच्या मुठी बारीक असतात. अमेरिकेच्या नायॉश या, कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने २००४ साली हातहत्यारं निवडण्याची एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात जोराच्या कामासाठी मुठीचा व्यास ३२ ते ५१ मिलिमीटर सांगितला आहे, नाजूक कामासाठी ६ ते १३ आणि जोराच्या मुठीची लांबी १०० ते १५० मिलिमीटर. लांबीचं कारण सरळ आहे. मूठ आखूड असली की तिची मागची कड तळव्याच्या मऊ भागात रुतते आणि अर्धा तास काम केलं की तिथे दुखायला लागतं.

जाडीचा हिशेब कागदावर मांडला तर लगेच पटतो. पकड तीच ठेवून २५ मिलिमीटरची मूठ सोडून ३५ मिलिमीटरची घेतली, तर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४० टक्के वाढतो, कारण बोटांचं घर्षण मध्यापासून तेवढं लांब जातं. अर्थात बोटं पूर्ण वळतील तोवरच. लहान हाताच्या माणसाला पन्नासची मूठ धरून उलट कमी जोर मिळतो. दुकानात मापाचं साधन जवळ नसेल तर मुठीच्या सगळ्यात जाड भागाभोवती दोरा गुंडाळा. ११ सेंटिमीटर भरला की व्यास ३५ मिलिमीटर. दोन नंबरच्या फुलीच्या डिसमिससाठी मी यापेक्षा फार बारीक मूठ घेणार नाही.

आता पाठ. मागचं टोक सपाट आणि कडा धारदार असेल तर रेटताना तळवा सोलतो. ते गोल, रुंद आणि गुळगुळीत हवं. जपानमधल्या ओसाकाच्या व्हेसल कंपनीचा बॉल-ग्रिप डिसमिस याच विचाराचं टोक गाठतो: मूठ जवळजवळ चेंडूसारखी, पूर्ण तळव्यात सामावणारी. पहिल्यांदा हातात घेतला की विचित्र वाटतो. पण अडकलेल्या स्क्रूवर खांद्याचा सगळा भार सरळ रेषेत टाकायचा असेल तेव्हा या घाटाचा अर्थ कळतो.

आपल्याकडे हा प्रसंग सगळ्यात जास्त येतो तो मोटारसायकलवर. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली. तिच्यापासून जपानी घराण्याच्या गाड्या गल्लोगल्ली झाल्या आणि त्यांच्याबरोबर जपानी फुलीचे स्क्रूही आले. कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीचे स्क्रू बघा. डोक्यावर फुलीशेजारी बारीक ठिपका दिसला तर तो जपानी मापाचा. साधा फिलिप्स, म्हणजे नेहमीच्या फुलीचा, डिसमिस त्यात पूर्ण तळाला टेकत नाही. वरवर बसतो, उसळतो आणि फुलीच्या कडा गोल करून टाकतो. मग ड्रिल मारण्याची वेळ येते. इथे योग्य टोक आणि रेटता येईल अशी पाठ, दोन्ही एकत्र हवं. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

स्वीडिश आणि जर्मन विचार

मुठीचा घाट हा अभ्यासाचा विषय आहे हे ज्यांनी मनावर घेतलं त्यांत स्वीडनची बाहको आणि जर्मनीची वेरा ही दोन नावं आधी घ्यावी लागतात. बाहकोने स्टॉकहोमच्या डिझायनरांना बरोबर घेऊन १९८३ साली एर्गो मूठ आणली. तिच्यात दोन्ही हातांना जागा मिळेल इतकी लांबी आहे आणि पुढे बोटांनी भरभर फिरवायला निमुळती मानही आहे. वेराने त्याही आधी, १९६०च्या दशकात, फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संस्थेबरोबर काम करून क्राफ्टफॉर्म मूठ बनवली. तिच्यात आज कडक आणि मऊ असे दोन भाग दिसतात. कडक भागावर हात सहज सरकून पुढची पकड घेतो, मऊ भाग जोराच्या वेळी चिकटून धरतो. ही कल्पना मला फार आवडते. कारण डिसमिस फिरवताना हात सतत पकडतो, सोडतो आणि पुन्हा पकडतो. पूर्ण रबरी मुठीवर प्रत्येक सोडण्यात कातडी ओढली जाते. दिवसभर काम करणाऱ्याच्या तळव्याला फोड येतात ते बहुतेक यानेच.

आपल्या बाजारात मात्र दर दुसऱ्या पेटीत दिसतो तो टापरियाचा कडक प्लास्टिकचा डिसमिस, लांबीत खाचा असलेला. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतली ही कंपनी, १९६९ साली स्वीडिश तंत्रसहकार्याने उत्पादनाला लागलेली. किमतीत युरोपियन हत्यारं याच्या कित्येक पट जातात. हा डिसमिस ‘स्वस्त म्हणून चालवून घ्यायचा’ असं मी म्हणणार नाही. कडक खाचांच्या मुठीचे स्वतःचे गुण आहेत, ते पुढे येतीलच.

नट ड्रायव्हर: मूठ नंतर, सळई आधी

नट ड्रायव्हर हातात घेतला की लोक मूठ दाबून बघतात. मी आधी तोंडातून आत बघतो. सॉकेट, म्हणजे नट बसतो ते तोंड, किती खोल आहे? सळई पोकळ आहे का?

विजेच्या पॅनलमध्ये एम-४ च्या, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या, स्टडवर (आटे पाडलेल्या उभ्या कांडीवर) नट लावायचा आहे असं धरा. नटाचं माप ७ मिलिमीटर, आट्यांमधलं अंतर ०.७ मिलिमीटर. स्टड चौदा मिलिमीटर वर आलेला असेल तर नट तळाला जायला बरोबर वीस फेरे लागतात. भरीव सळईच्या नट ड्रायव्हरमध्ये स्टडचं टोक आत तळाला आपटतं आणि नट अर्ध्यातच अडून राहतो. पोकळ सळईत स्टड आत सरकत जातो. एवढ्या एका कारणासाठी वायरिंग, पॅनल, लांब स्टड असलेलं कुठलंही काम करणाऱ्याने पोकळ सळईच घ्यावी. चुंबकवाला हवा असेल तर बहुतेक वेळा ही पोकळी सोडावी लागते, कारण चुंबक तिच्याच तोंडाशी बसवतात. पत्र्याच्या छपराचे ८ मिलिमीटर डोक्याचे स्क्रू उंचावर एका हाताने लावायचे असतील तर चुंबक पाहिजेच. लोखंडाचा कीस पडणाऱ्या जागी मात्र तो कीस गोळा करतो, आणि कीस अडकलेलं सॉकेट डोक्यावर पूर्ण बसत नाही.

आता त्या वीस फेऱ्यांकडे या. त्यांत जोर शेवटच्या पाव फेऱ्याला लागतो, बाकी सगळा वेगाचा मामला. म्हणून नट ड्रायव्हरला जाड रबरी मुठीपेक्षा पुढची बारीक, गुळगुळीत मान जास्त उपयोगी. अंगठा आणि दोन बोटांत ती घोळवत गेलं की नट पळतो. मागच्या बाजूला तळव्याचा गोलवा नसला तरी फारसं बिघडत नाही. म्हणूनच सेटमधली मऊ, फुगीर मूठ इथे नडते: मान जाड, बोटांना घोळवता येत नाही आणि जिथे मऊपणाचा उपयोग तो दाब इथे द्यायचाच नसतो.

रंगाचाही फरक आहे. डिसमिसचं टोक बघितलं की कळतं चपटा की फुलीचा. नट ड्रायव्हरचं ७ आणि ८ लांबून सारखंच दिसतं. अमेरिकेत क्लाइनसारख्या कंपन्या मापाप्रमाणे मुठीचा रंग ठेवतात: पाव इंची लाल, तीन-अष्टमांश निळा. आपल्याकडच्या मेट्रिक सेटमध्ये असं क्वचित मिळतं. मुठीच्या मागच्या टोकावर माप ठळक कोरलेलं असेल तर तो सेट निवडा, नाहीतर रंगीत टेप गुंडाळा. सगळ्या एका रंगाच्या मुठींमध्ये दिवसभर ७ शोधत बसणं हा खरोखर त्रास आहे.

माल कोणता

पारदर्शक दिसणाऱ्या कडक मुठी बहुधा सेल्युलोज ॲसिटेटच्या किंवा त्याच्या भावंडाच्या, ब्युटिरेटच्या असतात. पेट्रोल, ग्रीस, इंजिन ऑइल यांना त्या चांगल्या टिकतात. पुसल्या की स्वच्छ. थिनर आणि ॲसिटोनपासून लांब ठेवा, पृष्ठभाग विरघळतो. बंद पेटीत वर्षानुवर्षं पडून राहिल्या तर काही मुठींवर पांढरी भुकटी येते आणि आंबूस, उलटीसारखा वास सुटतो. ब्युटिरिक आम्लाचा वास तो. हत्यार बाद झालेलं नसतं: साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, उघड्यावर ठेवा. स्वित्झर्लंडची पीबी कंपनी याच जातीच्या मुठीत व्हॅनिलाचा वास मिसळते.

दोन थरांच्या मुठी, म्हणजे आत कडक पॉलिप्रॉपिलीन आणि वर रबरासारखा मऊ थर, कोरड्या हाताला सुखद लागतात. घामातही पकड बरी राहते. कोकणातल्या मे महिन्यात हे लहान नाही. पण गॅरेजमध्ये पेट्रोल आणि ऑइल लागत राहिलं की स्वस्तातला मऊ थर फुगतो, चिकट होतो, शेवटी मळ धरून बसतो. म्हणून गाडीच्या कामाला कडक खाचांची मूठ आणि घरच्या किंवा पॅनलच्या कामाला मऊ थराची, अशी माझी विभागणी आहे.

विजेच्या कामाला यातलं काहीच पुरेसं नाही. प्लास्टिकची मूठ म्हणजे इन्सुलेशन नव्हे. आयईसी ६०९०० मानकाचं, दोन त्रिकोणांचं चिन्ह आणि १००० व्होल्ट असं छापलेलं हत्यारच घ्या, ज्याची सळईसुद्धा टोकापर्यंत झाकलेली असते. एमसीबीच्या (बोर्डातल्या आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) टर्मिनलला बहुधा पोझिड्राइव्हचं, म्हणजे फुलीच्या मध्ये आणखी बारीक रेघा असलेलं, दोन नंबरचं टोक बसतं, फिलिप्सचं नाही. आणि निऑनचा टेस्टर डिसमिस म्हणून वापरू नका. त्याची मूठ जोरासाठी केलेलीच नसते.

कोणी काय घ्यावं

घरासाठी: जाड मुठीचे दोन चांगले डिसमिस, दोन नंबरची फुली आणि सहा मिलिमीटरचा चपटा. नट ड्रायव्हर ७ आणि ८ चा. पाण्याच्या आणि कूलरच्या पाइपच्या होज क्लिपा बहुतेक याच दोन मापांत निघतात. क्लिपेच्या खाचेतून चपटा डिसमिस घसरून हातात घुसतो, नट ड्रायव्हर घसरत नाही.

पॅनल आणि सोलरवाल्यांसाठी: पोकळ सळईचे ५.५, ७, ८ आणि १०. म्हणजे एम-३ पासून एम-६ पर्यंतचे नट. त्यांच्या जोडीला इन्सुलेटेड डिसमिस वेगळे.

दुचाकी दुरुस्त करणाऱ्यांसाठी: जपानी टोकाचा, गोल पाठीचा एक डिसमिस. मुठीखाली सळईला षटकोनी भाग असेल तर उत्तम, अडलेल्या स्क्रूवर तिथे पाना लावून फिरवता येतं. सरळ मुठीचा नट ड्रायव्हर इथे फार घेऊ नका. सरळ मुठीवर चार-पाच न्यूटन-मीटरच्या (टॉर्क मोजायचं एकक) पुढे बहुतेकांचा हात थकतो. एम-६ च्या बोल्टला दहाच्या आसपास लागतात आणि एम-८ ला पंचवीस. म्हणून गॅरेजमध्ये सगळे टी-पाना वापरतात: दांडी आडवी, दोन्ही बाजूंनी बोटं, मनगट सरळ. १० चा टी-पाना रोजचा. १२ आणि १४ ही जपानी मापं गाडी बघून घ्या, आणि १४ च्या पुढे सरळ रिंग पाना.