माटोमो: सहा महिने वापरल्यावर

माझी वर्डप्रेसवर लोणची-पापडांच्या पाककृतींची छोटी साइट आहे. १ जुलै २०२३ला साइटवरच्या भेटी मोजणारं गूगलचं जुनं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स थांबलं, तेव्हापासून मी मोजणंच सोडून दिलं होतं. मग भाच्याने भेटी मोजणाऱ्याच माटोमो नावाच्या साधनाचं प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा भाग) टाकून दिलं. हे म्हणजे पूर्वीचं पिविक. २०१८ साली नाव बदललं. फुकट आहे, आणि आकडे आपल्याच डेटाबेसमध्ये राहतात, परक्याच्या दारात नाही.

पहिल्या आठवड्यात मी हरखले. आंबोशीच्या पानावर रोज चाळीस भेटी! नंतर कळलं, निम्म्या माझ्याच. मीठ-हळदीचं प्रमाण सुधारायला दहादा उघडत होते ना. सेटिंगमध्ये अ‍ॅडमिनला वगळायची खूण केली आणि आकडा जमिनीवर आला.

दुसरा धक्का वेळेचा. पुष्कळ वाचक ० सेकंद थांबल्याचं दिसे. म्हटलं, एवढं वाईट लिहिते मी? तर हिशेब असा की एका पानापासून पुढच्या पानावर जाईपर्यंतचा वेळ धरतात. एकच पान वाचून गेलेल्याला पुढचं पान नाही, म्हणून शून्य. हार्टबीट टायमर (वाचक पानावर असेपर्यंत वेळ मोजत राहणारी सोय) चालू केल्यावर जीव भांड्यात पडला. कुणी कैरी चिरत चिरतच वाचत असणार.

हीटमॅप (वाचक पानावर कुठे क्लिक करतात त्याचा रंगीत नकाशा) वगैरेला पैसे पडतात, मला नकोत. स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) असेल तर डेटाबेसच्या आकारावर लक्ष ठेवा. जुन्या नोंदी ठरावीक दिवसांनी पुसायची सोय आहे. पाचपैकी चार तारे.